वर कोणी नाही

१२ जानेवारी

स्मरणिकेचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. संघटनेच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "लिहिता कुणाला येतं?" आणि अकराच्या अकरा जणांनी माझ्याकडे बघितलं. मी चिटणीस, त्यातून तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या गोदामात नोंदी केलेल्या. म्हणजे लिहिता येतं असं ठरलं. आमच्या तुकडीच्या डोंगरावरच्या लढाईला यंदा पन्नास वर्षं होतात. प्रत्येकानं फौजेतल्या तरुणपणची एक आठवण लिहून द्यायची, मी ती नीट करायची आणि एप्रिलच्या मेळाव्यात पुस्तक वाटायचं.

आज सात आठवणी आल्या. सातही शूर. एकानं तीन पानं लिहिलीत आणि त्यात तो चौदा वेळा वाऱ्यासारखा धावलाय. मला आठवतं त्याप्रमाणे त्याचे तळवे सपाट होते आणि तो भांडारात कोटांच्या घड्या घालायचा. माणसं म्हातारी झाली की लढाया तरुण होतात. हसत हसत कापत बसलो.

अध्यक्ष म्हणाले, "पहिलं पान मात्र तुमचं. खेचराची गोष्ट. ती नसेल तर स्मरणिका कसली?"

बरं म्हणालो.

१५ जानेवारी

पहिली ओळ चार वेळा खोडली. तोंडानं ही गोष्ट मी एका दमात सांगतो. मुलगी शाळेत शिकवते, तिच्या वर्गात दरवर्षी जाऊन सांगतो, पोरं टाळ्या वाजवतात. पाहुण्यांना सांगतो. (ही मात्र तेवढ्यात उठून आत जाते. ऐकून ऐकून कंटाळली असणार.) कागदावर काही पेन सरकेना.

गोष्ट तशी साधी आहे. मी एकवीस वर्षांचा, तुकडीत खेचरं हाकायचो. वरच्या चौकीवर माझा बालमित्र होता. आता घड्याळं दुरुस्त करतो म्हणून सगळे त्याला घड्याळजी म्हणतात, मीही तेच लिहितो. त्याच्या गुडघ्यात गोळी घुसली. मी त्याला खेचरावर बांधून तोफांच्या माऱ्यातून खाली मलमपट्टीच्या तंबूपर्यंत आणलं. पाय गेला, जीव वाचला. मला पदक मिळालं, ते बाहेरच्या खोलीत भिंतीवर आहे. संपली गोष्ट.

संध्याकाळी त्याच्या दुकानात गेलो. डोळ्याला भिंग लावून तो कुणाच्या तरी मनगटी घड्याळाच्या पोटात शिरला होता. म्हटलं, "तुझी बाजू सांग ना. दोघांची मिळून लिहू."

"मला काही आठवत नाही," तो नेहमीसारखं म्हणाला. "शुद्धीवर कुठे होतो मी?"

"तरी? थोडंफार?"

भिंग न काढता म्हणाला, "एक आठवतं. कुणीतरी मला आपल्या कोटात गुंडाळलं होतं. त्या कोटाला तळलेल्या कांद्याचा वास होता."

मी हसलो. बिचारा. ताप डोक्यात गेला की माणसाला कसलेही वास येतात. हे काही मी गोष्टीत घेणार नाही.

२१ जानेवारी

संघटनेच्या पत्त्यावर एक पत्र आलंय. लिहिणारी इथल्याच एका दवाखान्यात नर्स आहे. अक्षर सरळ, खाडाखोड नाही. तिचे वडील आमच्या तुकडीत आचारी होते. लढाईच्या दिवशी रसदीचा तळ सोडून पळाले असा ठपका येऊन त्यांना काढून टाकलं. स्मरणिकेत तुकडीतल्या सगळ्यांची नावं येणार असं तिला कळलंय. पुढे जसंच्या तसं उतरवतो:

"वडील पळाले नव्हते. ते वर अडकलेल्या जखमीला आणायला गेले होते. हे त्यांनी जन्मात दोनदाच सांगितलं, एकदा चौकशीत आणि एकदा माझ्या आजोबांना. दोन्हीकडे कुणाचा विश्वास बसला नाही. मला आईकडून कळलं. आज ते शहात्तर वर्षांचे आहेत. मी हे पत्र लिहिते आहे हे त्यांना माहीत नाही. त्या दिवसाचा कुणी साक्षीदार हयात असेल तर कृपया कळवावं."

दारातच उभ्यानं वाचलं. हयात असेल तर.

२२ जानेवारी

पत्र कोटाच्या खिशात आहे. कोट खुंटीला आहे. आज थंडी होती तरी कोट न घालता बाहेर गेलो.

२८ जानेवारी

उत्तर पाठवलं. "संघटनेकडील जुन्या कागदपत्रांत आपण म्हणता तशी नोंद आढळत नाही." खरंच आढळत नाही. एक अक्षर खोटं नाही.

हिनं विचारलं, "कुणाला एवढं पत्र?" म्हटलं, "संघटनेचं." काम हातावेगळं झाल्यासारखं वाटलं. जेवण मात्र गेलं नाही. पित्त असावं.

५ फेब्रुवारी

ती आली. संघटनेच्या खोलीत मी एकटाच होतो, आठवणींचे कागद लावत. पन्नाशीच्या आतली असेल, पायात दवाखान्यातले पांढरे बूट, ड्युटी संपवून सरळ आलेली. म्हणाली, "तुमचं पत्र मिळालं, काका. नोंद नसणारच. नोंद करणाऱ्यांनीच तर बाबांना खोटं ठरवलं." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुम्हीच ना ते? पदक मिळालेले?"

"हो."

"मग मला एवढंच सांगा. तुम्ही जखमीला घेऊन खाली येत होतात, तेव्हा वाटेत बाबा दिसले का? नुसते दिसले असले तरी पुरे. म्हणजे ते त्या बाजूला गेले होते एवढं तरी ठरेल."

तिला वाटतंय की जखमी दोन असतील. एक मी आणला, एक तिच्या वडिलांनी. माझ्यावर शंकासुद्धा घेतली नाही तिनं. म्हणालो, "धुकं होतं हो. कोण कुठे, काही कळत नव्हतं."

तिनं पर्समधून छोटी वही काढली, 'धुकं' असं लिहून घेतलं आणि माझे आभार मानून गेली.

त्या दिवशी लख्ख ऊन होतं.

६ फेब्रुवारी

ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून लिहून टाकतो.

चौकीवरून मी घड्याळजीला खेचरावर घेऊन निघालो, हे खरं. अर्ध्या वाटेवर घळीच्या वळणाशी तोफगोळे पडायला लागले. खेचर अडून बसलं. मी ते एका झुडपाला बांधलं आणि मदत आणायला खाली धावलो. खाली रसदीच्या तळावर आचारी एकटाच होता. आम्ही त्याला दादा म्हणायचो, आमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. तो वर गेला. मी पुलाखालच्या मोरीत बसलो. पायच चालेनात.

दोनेक तासांनी तो खेचर घेऊन आला. मी मोरीतून बाहेर आलो. त्यानं दोरी माझ्या हातात दिली. "धर. तंबू समोरच आहे. माझा तळ उघडा पडलाय," म्हणाला आणि पळत गेला. म्हणजे मी खेचर आणलं ते शेवटची दोनशे पावलं. डॉक्टरांनी पाहिलं ते मला. पाठीवर थाप मारली ती माझ्या. मी काही खोटं बोललो नव्हतो. मला कुणी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात तिकडे तळ जळून गेला होता, आठ दिवसांचं धान्य. आणि आचारी जागेवर नव्हता. चौकशी लागली. दादानं सांगितलं, जखमीला आणायला गेलो होतो. साहेबांनी मला बोलावलं. "वाटेत तुझ्याबरोबर कोण होतं?"

"कोणी नाही, साहेब."

दादा तिथेच उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या शाईच्या दौतीकडे बघत राहिलो. तिचं झाकण तिरकं बसलेलं होतं.

९ फेब्रुवारी

घड्याळजीकडे गेलो. दुकानाचं दार लोटून घेतलं. स्टुलावर बसलो आणि सहा तारखेला इथे लिहिलं ते त्याला सांगितलं. खाली मान घालून सांगितलं. संपल्यावर वर बघितलं तर तो स्क्रू ठेवायची वाटी पुसत होता.

म्हणाला, "झालं?"

"तुला धक्का नाही बसला?"

"अरे, कांद्याचा वास तुझ्या कोटाला होता का कधी? खेचराच्या लिदीचा होता." वाटी खाली ठेवली. "मी शुद्धीवर होतो. पूर्ण नाही, पण होतो. तू गेलास ते कळलं. तो आला ते कळलं. वाटेत त्यानं मला तीनदा विचारलं, 'पाणी हवं का?' आणि तीनदा स्वतःच म्हणाला, 'अरे, पण पाणी कुठाय?'"

"मग बोलला का नाहीस? पन्नास वर्षं?"

"दवाखान्यात चौकशीचे साहेब आले होते. 'तुला कुणी आणलं?' म्हणून विचारलं. आदल्या दिवशी तू माझ्या खाटेशी बसून रडून गेला होतास. तुझी आई माझ्या आईला बहीण मानायची. आचाऱ्याचं मला पुरतं नावसुद्धा माहीत नव्हतं." त्यानं भिंग पुसून ठेवलं. "मी म्हणालो, आठवत नाही. एकदा म्हणालो आणि मग आयुष्यभर तेच म्हणत राहिलो. तू दरवर्षी गोष्ट सांगायचास, मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचो. तुला काय वाटतं, खोटं एकटा तूच बोललास?"

मला वाटायचं, त्याला माहीत नाही म्हणून त्याची माया आहे.

बाहेर कुणीतरी घड्याळाला पट्टा बसवायला आलं. त्यानं काठी घेतली, उठला, पट्टा बसवून दिला. परत येऊन म्हणाला, "तो आहे का अजून?"

"आहे."

"मग चल. आणि मेहेरबानी कर, गोष्ट सांगू नकोस. त्याला माहीत आहे ती."

१३ फेब्रुवारी

गेलो. दुसऱ्या मजल्यावरचं घर, दोन खोल्या, घड्याळजीला जिना चढायला वेळ लागला. नर्स कामावर होती. दादानं स्वतः दार उघडलं. केस सगळे गेलेत, पाठ ताठ आहे. पायापासून वरपर्यंत बघितलं. पहिल्यांदा घड्याळजीच्या लाकडी पायाकडे, मग माझ्याकडे.

"या. बसा. मी लसूण सोलतोय, हात थांबवत नाही."

सैन्यातून काढल्यावर वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात छत्तीस वर्षं काढली म्हणाला. बोटं अजून भराभर चालतात. घड्याळजी रडायला लागला. दादा त्याला म्हणाला, "तू गप. तू तेव्हा अर्धा मेलेला होतास." आणि मग माझ्याकडे वळला. "तू कशाला आलास?"

"माफी मागायला."

"हं."

मी म्हणालो, "दादा, तेव्हा माझे पाय गळाले. मी मदत आणायला धावलो होतो, पण..."

त्याचे हात थांबले. "काय आणायला?"

मी लसणाच्या गड्ड्याकडे बघत राहिलो.

"मी तुला विचारलं, 'वर कोणी राहिलंय का?' तू काय म्हणालास?"

घड्याळजी माझ्याकडे बघायला लागला. हे त्याला माहीत नव्हतं. हे मला आणि दादाला सोडून जगात कुणालाच माहीत नव्हतं.

"सांग ना त्याला. त्याचा पाय गेलाय."

मी म्हणालो, "मी म्हणालो, वर कोणी नाही."

खोलीत लसणाची सालं पंख्याच्या वाऱ्यानं हलत होती. दादा शांतपणे म्हणाला, "मी तुझ्यावर विश्वास ठेवून बसलोच असतो. पण तुझ्या खांद्यावर पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. एका माणसाला दोन बाटल्या कशाला? म्हणून गेलो."

घड्याळजीची बाटली मी त्याला ओझं नको म्हणून चौकीवरच माझ्याकडे घेतली होती. ती घेऊन पळालो. तो तिथे उन्हात, दोरीनं बांधलेला, आणि त्याचं पाणी माझ्या खांद्यावर.

निघताना मी पाया पडायला वाकलो. दादानं पाय मागे घेतले. म्हणाला, "नोकरी गेली त्याचं मी केव्हाच सोडून दिलं. हातात कला होती, पोट भरलं. माझ्या बापानं शेवटपर्यंत मला पळपुटा म्हटलं. तो गेला तेव्हाही त्याच्या तोंडी तेच होतं. ते तू कसं परत करणार, सांग."

जिन्यात घड्याळजी माझ्याशी बोलला नाही. रिक्षात बसतानाही नाही.

१४ फेब्रुवारी

६ तारखेच्या पानावर मी "मदत आणायला" असं लिहिलंय. जी वही कुणी वाचणार नाही त्या वहीतसुद्धा. खोडत नाही. राहू दे.

२० फेब्रुवारी

हिला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घालतच राहिली. म्हणाली, "वर कोणी नाही."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. झोपेत म्हणता. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. पहिल्यांदा मला वाटलं, वर माळ्यावर उंदीर नाहीत म्हणताय."

"मग कधी विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही खोटं बोलला असता. एक खोटं भिंतीवर टांगलेलं होतंच. दुसरं कुठे ठेवलं असतं मी?"

पाहुण्यांसमोर ती उठून आत का जायची, ते पंचेचाळीस वर्षांनी कळलं. मी समजत होतो कंटाळा.

२ मार्च

समितीची बैठक. लिहून नेलं होतं, वाचून दाखवलं. सगळं, दोन बाटल्यांसकट. वाचून झाल्यावर कुणी खोकलं, कुणी चष्मा पुसला. अध्यक्ष म्हणाले, "चिटणीस, तुमच्या मनाचा मोठेपणा समजला. पण पन्नासाव्या वर्षी ही घाण उकरून काय साधणार? साहेब लोक वारले. तुकडीचं नाव खराब होईल. आपण असं करू, आचाऱ्याचं नाव यादीत घालू. गाजावाजा नको. कुणी विचारलं तर छपाईची जुनी चूक म्हणू. त्याचंही काम झालं, तुमचंही झाकलं."

आणि मी हो म्हणालो.

लिहायलाही लाज वाटते. हो म्हणताना छातीवरची धोंड उतरल्यासारखं वाटलं. घरी येताना मी शीळ घालत होतो.

४ मार्च

नर्सला फोन करून कळवलं, यादीत नाव येईल. आनंदानं कळवलं.

ती म्हणाली, "तुम्ही येऊन गेल्यावर बाबांनी मला सगळं सांगितलं, काका. आम्हाला यादीत नाव नको. नाव त्यांच्याकडे आहेच. काय झालं ते लिहा, नाहीतर काहीच लिहू नका." फोन ठेवता ठेवता थांबली. "आणि ते धुकं?"

"नव्हतं."

"मी लिहून घेतलं होतं हो," ती म्हणाली. रागानं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

९ मार्च

अध्यक्षांना जाऊन सांगितलं, पहिलं पान माझं ठरलंय, ते मी लिहिलंय तसंच जाईल, नाहीतर चिटणीस दुसरा बघा. ते म्हणाले, "दुसऱ्या कुणाला लिहिता येतं?" त्या एका अडचणीपोटी मान्य झालं. मोठ्या गोष्टीही अशाच होतात बहुतेक.

मुलीला छापायला जायच्या आधी वाचायला दिलं. तिनं उभ्या उभ्या वाचलं, कागद टेबलावर ठेवला आणि चप्पल घालून निघून गेली. चहा तसाच राहिला.

६ एप्रिल

मेळावा झाला. दीडशे-एक माणसं असतील. मी पान वाचलं. पूर्वी टाळ्या जिथे पडायच्या, तिथे मी सवयीनं थांबलो. कुणी टाळी वाजवली नाही. "वर कोणी नाही" हे वाचताना आवाज चिरकला, पुन्हा वाचावं लागलं. दोनदा म्हणालो. तेव्हाही 'कोणी नाही' दोनदाच म्हणालो होतो, एकदा तळावर आणि एकदा चौकशीत.

घड्याळजी फेब्रुवारीपासून माझ्याशी बोललेला नाही. तो पहिल्या रांगेत नव्हता, मागे होता. माझं झाल्यावर काठीवर उठला आणि तिथूनच म्हणाला, "मला आठवत होतं. मी साहेबांना खोटं सांगितलं. हेही लिहा." आणि बसला.

अध्यक्षांनी लगेच चहाची घोषणा केली. लोक माझ्या बाजूनं वाट काढत चहाकडे गेले. बोलायला आला तो एकटाच, चौदा वेळा वाऱ्यासारखा धावलेला. कानाशी येऊन हळूच म्हणाला, "माझं पान छापलंत का हो? जरा बघून घ्यायला हवं होतं."

दादा आला नव्हता. नर्स आली होती. तिनं दोन प्रती घेतल्या.

१५ एप्रिल

मुलगी आली. पाच आठवड्यांनी. आईशी बोलली, माझ्याशी नाही. निघताना दारात थांबून म्हणाली, "बारा वर्षं मी मुलांना ती गोष्ट ऐकवली. आता काय सांगू?"

"खरं सांग."

"मी का सांगू? तुम्ही या आणि तुम्हीच सांगा."

जाईन म्हणालो. भिंतीवरचं पदक मी परवाच उतरवलंय, तिथला चुना जरा जास्त पांढरा दिसतो. तिनं तिकडे बघितलं आणि गेली.

१७ एप्रिल

दादाचा निरोप आला, येऊन जा म्हणून. गेलो. स्मरणिका समोर होती. मुलीकडून वाचून घेतली म्हणाला.

"माझा धाकटा भाऊ आहे," तो म्हणाला. "बापाच्या घरात राहतो. बाप गेल्यापासून त्यानं मला उंबऱ्याच्या आत घेतलेलं नाही. त्याला वाचता येतं, पण हे तो वाचणार नाही, फेकून देईल. तू जा आणि त्याच्यासमोर वाच. मी बाहेर बसेन."

"दादा, दुसरं काहीही सांगा."

"दुसरं काही नकोय मला."

२१ एप्रिल

सकाळच्या बसनं तिघं गेलो. दादा, नर्स आणि मी. दोन तासांत एकमेकांशी दोन वाक्यं झाली असतील. घर जुनं, बैठं, पुढे अंगण, अंगणात पाण्याची टाकी. दादा फाटकाबाहेरच्या दगडी बाकावर बसला. नर्स त्याच्याजवळ थांबली. मी एकटाच आत गेलो.

भाऊ सत्तरीला आलेला, अंगानं दादासारखाच. मी कोण ते सांगितलं. "वाचायला आलोय," म्हणालो. त्याला वाटलं पुस्तकं विकतोय. "नको," म्हणाला. मी तरी उभ्यानं वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला तो उठून आत जायला लागला. तिसऱ्या ओळीत त्याच्या भावाचं नाव आलं, तेव्हा दाराच्या चौकटीला हात लावून थांबला. माझ्याकडे पाठ करून त्यानं सगळं ऐकलं.

अडीच पानं आहेत. मेळाव्यात आठ मिनिटं लागली होती. इथे किती लागली माहीत नाही. दीडशे लोकांपुढे इतकं जड गेलं नव्हतं. लोकांपुढे माणूस थोडा तरी नाटक करतो. त्या पाठीपुढे काही करता येईना.

झाल्यावर तो वळला. "तेव्हा का नाही सांगितलंस?"

"भ्यालो."

"आणि नंतर? माझा बाप लढाईनंतर एकोणीस वर्षं जिवंत होता."

"नंतरही भ्यालो. नंतर पदकाची सवय झाली."

तो माझ्या अगदी जवळ आला. मला वाटलं मारतो. मारलं असतं तर मी हात वर केला नसता. त्यानं माझ्या हातातली स्मरणिका घेतली, पान उघडून 'वर कोणी नाही' ही ओळ स्वतः वाचली, ओठ हलवत. मग मला ओलांडून अनवाणीच अंगणात गेला. फाटकाशी उभा राहिला.

बाकावरच्या माणसानं मान वर केली नाही. धाकटा म्हणाला, "ऊन लागतंय तिथे. आत ये."

दादा म्हणाला, "लागू दे. सवय आहे."

"ये म्हणतो ना," धाकटा म्हणाला आणि फाटकाची कडी काढायला गेला. त्याला ती निघेना. दोघांनी दोन्ही बाजूंनी खटपट केली. शेवटी नर्सनं काढली.

ते अंगणातून आत आले. दादा उंबऱ्याशी थांबला, चपला काढल्या, भिंतीला हात टेकवून आत पाऊल टाकलं. तिथे त्याच्या वडिलांची तसबीर होती. तिच्यासमोर तिघं उभे राहिले. धाकट्यानं स्मरणिका उघडी धरली होती, कुणाला दाखवावी तशी.

मी कोपऱ्यात होतो. मला कुणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. मी त्यांच्या मागून, भिंतीला घासत, चपलांचा आवाज न करता बाहेर आलो. फाटक उघडंच होतं. बस दीड तासानं होती. बाकावर जागा होती, पण मी तिथे बसलो नाही, थांब्यापर्यंत चालत गेलो आणि उन्हात उभा राहिलो.